वाचकांचे प्रश्न : कथेतर पुस्तकांचे सरते वर्ष

गेल्या अंकात या सदरातून वाचकांना एक विनंती केली होती. कथा, कादंबरी आणि कविता बाजूला ठेवून सरत्या वर्षात वाचलेल्या आत्मचरित्रांकडे, इतिहासग्रंथांकडे, प्रवासवर्णनांकडे आणि वैचारिक पुस्तकांकडे मागे वळून पाहावे आणि त्यातून एखादा प्रश्न पडला असल्यास तो आम्हांला लिहून कळवावा, अशी ती विनंती होती. बऱ्याच पत्रांत केवळ याद्या आल्या. त्या मी आवडीने वाचल्या, परंतु उत्तर देण्यासारखे त्यांत काही नव्हते. ज्या पत्रांत खरोखरीचा प्रश्न होता त्यांपैकी काही येथे घेतली आहेत आणि पत्रलेखकांची ओळख त्यांच्या गावापुरतीच ठेवली आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. जानेवारीत एक वही घातली आणि वर्षभरात ३४ कथेतर पुस्तके वाचून तिच्यात नोंदवली. डिसेंबरात ती उघडली तेव्हा निम्म्या पुस्तकांविषयी धड दोन वाक्येही सांगता येईनात. हे वाचन वाया गेले असे समजावे का? (सोलापूर)

उत्तर : वाया गेले असे मी म्हणणार नाही. मात्र आपण पत्रासोबत वहीच्या एका पानाची छायाप्रत जोडली आहे, ती पाहिल्यावर अडचण कुठे आहे ते ध्यानात येते. आपल्या वहीत दिनांक, पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठसंख्या आणि शेवटी ‘छान’, ‘ठीक’ किंवा ‘जड’ असा एकशब्दी शेरा आहे. वाचनालयाच्या देवघेव विभागातही साधारण एवढीच नोंद होते आणि तिथे ती पुरते, कारण पुस्तक कोणी नेले आणि कधी परत केले यापलीकडे त्यांना काही जाणून घ्यायचे नसते. आपल्याला मात्र पुस्तकात काय होते ते आठवायचे आहे, आणि त्यासाठी वेगळे रकाने आखावे लागतील.

माझी सूचना अशी की प्रत्येक पुस्तकापुढे हकीगत कोणत्या काळातली आहे, ती लिहिली कधी आणि छापली कधी, हे तीन काळ आधी नोंदवावेत. लेखकाने ती आपणहून लिहिली की कोणी लिहवून घेतली, हे पाहावे. आणि वाचताना आपण जिथे अडखळलात किंवा लेखकाशी आपले पटले नाही ती एक जागा पृष्ठांकासह लिहून ठेवावी. आपल्या यादीत लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आहे, त्याचेच उदाहरण घेऊ. या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई साठी ओलांडून गेल्या होत्या. पुस्तकाच्या आरंभी त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात फाशी झाल्याची हकीगत येते आणि तिला लागूनच त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या डोक्यात शिरलेल्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन येते. घरात आलेले मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत ते वेड गेले होते. यातील पहिली गोष्ट लक्ष्मीबाईंच्या जन्माच्या आधीची, म्हणजे घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेली आहे. दुसरी त्यांनी लहानपणी स्वतः सोसलेली आहे. वहीत जर ही तीन साले ओळीने मांडलेली असतील, तर ऐकीव आणि अनुभवलेले यांच्यामधली ही शिवण वाचता वाचताच दिसते, आणि एकदा दिसली की ते पुस्तक विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाही. ‘छान’ या शेऱ्याला ते साधणार नाही.

पुढच्या वर्षी कदाचित १२ पुस्तकेच वाचून होतील. त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्न : विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ मी यंदा वाचले. नंतर मित्राकडची प्रत पाहिली तेव्हा तिच्यातील मजकूर बराच वेगळा निघाला. कोणती प्रत खरी मानावी? शिवाय पंचवीस वर्षांनी केवळ आठवणीवरून लिहिलेल्या हकीगतीवर कितपत विश्वास ठेवावा? (पुणे)

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सर्वांत नेमका प्रश्न आहे, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देतो.

आधी दोन प्रतींचा उलगडा करू. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. बंडाच्या काळात त्यांनी उत्तर हिंदुस्थानात केलेल्या प्रवासाची हकीगत त्यांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास लिहून काढली. ती १९०७ साली, भटजींच्या पश्चात, वैद्यांनी प्रसिद्ध केली, परंतु जशीच्या तशी नव्हे. त्यांनी भाषा घासूनपुसून नीट केली, काही मजकूर गाळला, काही फिरवला. इंग्रजी अंमल चालू असताना सत्तावन्नच्या बंडाविषयी एका प्रत्यक्षदर्शीचे लेखन छापणे ही साधी गोष्ट नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ साली आला. त्यामुळे आपल्या आणि आपल्या मित्राच्या प्रतींपैकी एक वैद्यांच्या परंपरेतली आणि दुसरी पोतदारांच्या परंपरेतली असणार. मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूला आणि प्रस्तावनेत ते कळेल. गोडसे काय म्हणाले हे हवे असेल तर पोतदारांचा पाठ धरावा. १९०७ साली एका सुशिक्षित मराठी संपादकाला काय छापणे शक्य आणि योग्य वाटले, हे हवे असेल तर वैद्यांचा पाठही तितकाच मोलाचा ठरतो. मी तर असे सुचवीन की झाशीच्या वेढ्याची पाने दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचावीत.

आता विश्वासाचा प्रश्न. साक्षीदार कोण आहे, तो तिथे कशासाठी गेला होता आणि त्याचा कोणत्या पक्षाशी हितसंबंध होता, हे आधी विचारावे. गोडसे घरावरचे कर्ज फेडावे म्हणून निघाले होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आल्यावर चुलते रामभटजी यांच्यासोबत त्यांनी १८५७ साली घर सोडले. युद्ध पाहायला म्हणून काही ते गेले नव्हते. त्यामुळे कोणत्या गावी काय मिळाले, कोणी किती दक्षिणा दिली, कोठे लुटले गेलो, या गोष्टी त्यांच्या लेखनात लढाईच्या बरोबरीने येतात. आणि माझ्या मते त्यांच्या विश्वासार्हतेचे मोठे कारण हेच आहे. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरातच अडकलेले होते. त्यानंतरच्या कत्तलीचे आणि सोन्यारुप्यानंतर भांडीकुंडी, कपडे, धान्य अशी पायरीपायरीने झालेल्या लुटीचे वर्णन ज्या तपशिलाने येते, तो तपशील रचून सांगणाऱ्या माणसाला सुचणे कठीण आहे.

काल्पीच्या वाटेवरचा प्रसंग आपण वाचला असेलच. पठाणी पोशाखातली, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी विहिरीपाशी येते. भटजी पाणी काढून देण्यास पुढे होतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती त्यांना थांबवते, स्वतः पाणी काढते आणि मातीच्या भांड्यातले ते पाणी ओंजळीने पिते. त्यानंतर ती आपल्या वैधव्याविषयी आणि हाती घेतलेल्या कार्याविषयी काही बोलते. या प्रसंगातल्या कृती आणि उद्गार मी वेगवेगळ्या तागडीत घालतो. पंचवीस वर्षांनी उतरवलेले उद्गार अक्षरशः तेच असतील असे मानण्यास आधार नाही. परंतु राणीने भिक्षुकाला पाणी काढू दिले नाही, तिने स्वतः दोर ओढला, ही गोष्ट त्या भिक्षुकाच्या मनात आयुष्यभर घर करून राहावी अशीच आहे, कारण ती त्याच्या स्वतःच्या मानाशी जोडलेली आहे. माणूस ऐकलेले शब्द विसरतो. आपल्याला मिळालेला मान आणि आपला झालेला अपमान सहसा विसरत नाही.

जेथे भटजी स्वतः हजर नव्हते तेथे मात्र सावध राहावे. इंग्रज सरकारने संस्थानिकांपुढे धर्मविरोधी अशी चौऱ्याऐंशी कलमे ठेवली, ही हकीगत त्यांनी वाटेत भेटलेल्या शिपायांकडून ऐकली आणि तशीच लिहिली. अशी कलमे कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाहीत. तरीही ती पाने फाडून टाकण्यासारखी नव्हेत. शिपायांच्या तोंडी काय बोलले जात होते आणि त्यांना काय खरे वाटत होते, याचा तो पुरावा आहे, आणि बंड का पेटले हे समजून घेताना असा पुरावा सरकारी कागदाइतकाच उपयोगी पडतो. म्हणून एकाच पुस्तकाच्या समासात मी दोन खुणा करतो, एक पाहिलेल्यासाठी आणि दुसरी ऐकलेल्यासाठी. पेन्सिलीने, आणि अर्थात स्वतःच्याच प्रतीत. वाचनालयाच्या प्रतीत नव्हे.

प्रश्न : ऐतिहासिक कादंबऱ्या कथेतर वाचनात धराव्यात का? आमच्या वाचनगटात यावरून मोठा वाद झाला. (नाशिक)

उत्तर : धरू नयेत. कादंबरी कितीही अभ्यासून लिहिलेली असली तरी पात्राच्या मनात काय चालले होते ते कादंबरीकार सांगतो, आणि तो अधिकार इतिहासकाराला नसतो. वाचनगटाने एखादी पानिपतावरची कादंबरी निवडली असेल तर तिच्या जोडीला वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा १८९८ साली निघालेला पहिला खंड आणावा. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी काय होणार आहे हे ठाऊक नसलेल्या माणसांनी लिहिलेली पत्रे. कादंबरीकाराला शेवट आधीच माहीत असतो, पत्रलेखकाला नसतो. पैशाची ओढाताण आणि रसदेची चिंता त्या पत्रांतून ज्या कोरडेपणाने येते, ती एक संध्याकाळ गटात मोठ्याने वाचून पाहावी. वाद मिटेल असे नाही, पण वादाला खाद्य चांगले मिळेल.

प्रश्न : दरवर्षी आपण आम्हांला सल्ला देता. या वर्षी आपण स्वतः काय वाचले आणि त्यातले काय राहिले, ते सांगावे. (चिपळूण)

उत्तर : नवे बरेच वाचले, परंतु राहिले म्हणावे असे जे आहे ते जुन्याच्या फेरवाचनातून आले. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०), वर उल्लेख आलेले ‘स्मृतिचित्रे’, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) ही पुस्तके मी यंदा प्रकाशनक्रमाने, मध्ये दुसरे काही न घेता वाचली. सुटे वाचताना यांतील प्रत्येक पुस्तक आपापल्या जागी थोर वाटते. लागोपाठ वाचल्यावर ती एकमेकींना प्रश्न विचारू लागतात.

पहिला प्रश्न अक्षरओळखीचा. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या तेव्हा ११ वर्षांच्या होत्या आणि न्यायमूर्ती तिशी ओलांडलेले होते. पतीने शिकवावे आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्याबद्दल टोमणे मारावेत, अशा कात्रीत त्यांचे शिक्षण झाले. नवऱ्याच्या इच्छेने शिकायचे आणि सासरच्या माजघरात ते शिकणे जमेल तितके झाकून ठेवायचे, ही कसरत त्यांनी कोणावरही राग न धरता सांगितली आहे. तिथून बेबीताईंपर्यंत यावे. फलटणला त्या किराणा दुकान चालवीत असत. दुकानात बसल्या बसल्या मिळेल त्या कागदावर लिहीत आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून वर्षानुवर्षे लपवून ठेवीत. न्यायमूर्तींच्या वाड्यातली स्त्री वाचन लपवते आणि फलटणच्या दुकानातली स्त्री लेखन लपवते. दोघींच्या मध्ये पाऊण शतक आहे, जात आहे, वर्ग आहे, आणि तरीही लपवण्याची गरज काही संपलेली नाही. या समानतेने हुरळून जाऊन दोघींना एका ओळीत बसवण्याचा मोह होतो, तो मात्र आवरला पाहिजे. रमाबाईंच्या घरात पुस्तक येण्याला अडथळा नव्हता. ते हाती घेण्याला होता. बेबीताईंच्या बालपणीच्या महारवाड्यात पुस्तकाच्या आधी भाकरीचाच प्रश्न होता, आणि तेथे शाळेची वाट बाबासाहेबांच्या चळवळीने मोकळी केली. ‘जिणं आमुचं’ हे शीर्षकच अनेकवचनी आहे. बेबीताई ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ अधिक लिहितात, तर रमाबाईंच्या पुस्तकातला ‘आमच्या’ हा शब्द मुख्यतः पतीला सामावून घेण्यासाठी येतो.

दुसरा प्रश्न पतीविषयी कसे लिहावे याचा. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहाचे प्रकरण आणि न्यायमूर्तींनी पुढे घेतलेले प्रायश्चित्त यांविषयी रमाबाई लिहितात तेव्हा त्यांचा सारा कल न्यायमूर्तींची बाजू उलगडून दाखवण्याकडे असतो. स्वतःला काय वाटले ते वाचकाला ओळींच्या मधून वेचून घ्यावे लागते. लक्ष्मीबाईंवर यापेक्षा कितीतरी मोठा प्रसंग ओढवला. १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंना माहेरच्या आधाराने पतीपासून दूर राहावे लागले. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. इतके सोसूनही त्या टिळकांचे लहरीपण, विसराळूपण, खिशात पैसा न टिकणे, हे सगळे अशा खट्याळपणे सांगतात की हसता हसता आपण त्यांच्या बाजूचे कधी होतो ते कळत नाही. त्यांच्या विनोदाला मी पूर्वी केवळ स्वभावगुण समजत असे. रमाबाईंच्या पाठोपाठ वाचल्यावर तो पतीविषयी खरे बोलण्याचा, त्या काळात एका स्त्रीला परवडणारा मार्ग वाटू लागला. बेबीताईंना असा आडपडदा लागत नाही. बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीविषयी त्या सरळ लिहितात, आणि समाजाची बदनामी होईल या भीतीने ते झाकतही नाहीत. ‘आयदान’मध्ये हा मोकळेपणा आणखी पुढे जातो. उर्मिलाताईंनी स्वतःच्या संसारातली कुरकुर, चळवळीतल्या पुरुषांची दुहेरी मोजमापे आणि स्त्री-संघटनांमधले जातीचे भान यांविषयी जे लिहिले आहे, ते वाचताना चारही पुस्तकांमधले अंतर एकदम नजरेत भरते.

‘आयदान’ म्हणजे बांबूच्या कामट्यांपासून विणलेल्या वस्तू, हे आपणांस चिपळूणकडे वेगळे सांगायला नको. लेखिकेची आई ती विणून विके आणि त्यावर घर चाले. त्या विणकामाशी आपल्या लेखनाचे नाते लेखिकेने स्वतःच जोडले आहे, म्हणून मी त्यात भर घालीत नाही. एवढेच सांगतो की हे पुस्तक पुन्हा हाती घ्याल तेव्हा आईच्या हातांविषयीची पाने सावकाश वाचावीत.

या चौघींच्याही आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. सुरतेच्या एका विधवेवरील खटल्यानंतर बायकांवर चाललेल्या दोषारोपांना दिलेले ते रोखठोक उत्तर आहे. ते आत्मचरित्र नव्हे, म्हणून या रांगेत घेतले नाही. पण जवळजवळ शतकभर ते विस्मरणात पडून होते आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले, हे ध्यानात घेतले म्हणजे रमाबाई आणि लक्ष्मीबाई लिहीत असताना त्यांच्या मागे कोणती वाट होती आणि ती कशी बुजलेली होती, याचा अंदाज येतो.

प्रश्न : लोकलच्या प्रवासात मी मोबाईलवर पुस्तके ऐकतो. वर्षाच्या यादीत ती धरावीत का? (कल्याण)

उत्तर : अवश्य धरावीत. आत्मचरित्रे आणि व्यक्तिचित्रे ऐकायला उत्तम असतात. ज्या पुस्तकात आकडे, वंशावळी किंवा नकाशे आहेत ते मात्र कानांनी झेपत नाही. त्यासाठी छापील प्रत हाताशी असावी.

प्रश्न : मराठी वैचारिक पुस्तकांत शेवटी सूची का नसते? एक संदर्भ शोधण्यासाठी मला ४०० पानांचे पुस्तक दोनदा चाळावे लागले. (नागपूर)

उत्तर : आपला त्रागा रास्त आहे. व्यक्तिनामांची आणि विषयांची सूची करणे हे वेळखाऊ काम आहे, आणि ते पानांचे अंतिम आकडे पक्के झाल्यावरच, म्हणजे मुद्रितशोधनही उरकल्यावर, करता येते. तोवर प्रकाशनसमारंभाची तारीख ठरलेली असते, निमंत्रणे गेलेली असतात, आणि सूचीचा बळी जातो. लेखकाला तिचे मानधन मिळत नाही आणि ग्राहक तिच्यावाचून पुस्तक परत करीत नाही, म्हणून तिच्याविना कोणाचेच नडत नाही. खुद्द पुस्तकाचे मात्र नुकसान होते. सूची नसलेले कथेतर पुस्तक एकदा वाचून कपाटात जाते. सूची असलेले दहा वर्षांनीही टेबलावर येते.

प्रकाशक सुधारेपर्यंत आपल्याला एक करता येईल. पुस्तकाच्या शेवटी जी कोरी पाने असतात त्यांवर वाचता वाचता आपल्या कामाची नावे आणि पृष्ठांक लिहीत जावे. माझ्याकडच्या काही जुन्या प्रतींत आधीच्या मालकांनी अशा सूची करून ठेवलेल्या आहेत आणि रद्दीच्या दुकानात पुस्तक निवडताना मी मलपृष्ठाच्या आधी ती पाने पाहतो. पुस्तक कोणी मन लावून वाचले होते, ते तिथे कळते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. येथे मराठी कादंबऱ्या कोणा ना कोणाकडून मिळतात, पण जुनी कथेतर पुस्तके मिळत नाहीत. काय करावे? आणि सुरुवात कशाने करावी? (न्यू जर्सी)

उत्तर : भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले पुष्कळ लेखन आता सर्वांसाठी खुले झाले आहे आणि त्याच्या छायांकित प्रती संगणकावर मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. मराठी विश्वकोशही तसाच उपलब्ध आहे. एखाद्या जुन्या पुस्तकातले नाव अडले की तिथे पाहावे.

सुरुवातीसाठी आपण राहता त्याच देशाविषयीचे एक पुस्तक सुचवतो. पंडिता रमाबाईंनी लिहिलेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ १८८९ साली प्रसिद्ध झाले. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात वैद्यकीय पदवी मिळणार होती, त्या समारंभासाठी रमाबाई १८८६ साली इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत त्या देशात हिंडल्या, व्याख्याने दिली, विधवांच्या शाळेसाठी निधी जमवला. फिलाडेल्फिया आपल्यापासून फार लांब नाही. पुस्तकात प्रवासाची मजा आहे, परंतु त्याचा भर त्या देशाचा कारभार कसा चालतो, शाळा कशा आहेत, बायका संघटना कशा बांधतात, यावर आहे. अमेरिकेचे त्यांना मनापासून कौतुक आहे, आणि तरीही कृष्णवर्णीयांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्या बोट ठेवल्यावाचून राहत नाहीत. परदेशात गेलेल्या मराठी माणसाने त्या देशाकडे कसे पाहावे, याचा इतका समतोल नमुना आपल्याकडे नंतरही विरळाच झाला, असे माझे मत आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची भाषा पहिली काही पाने अडेल. नंतर सरावाने सुटते.

प्रश्न : नव्या वर्षासाठी कथेतर पुस्तकांची एक यादी द्यावी. आमच्या गावच्या वाचनालयासाठी खरेदी करायची आहे. (बीड)

उत्तर : सरसकट यादी देत नाही. अशा याद्यांतली पुस्तके वाचनालयात येतात, त्यांवर शिक्का बसतो आणि बरीचशी तशीच राहतात. त्याऐवजी गावाने आपला एक प्रश्न ठरवावा आणि वर्षभर त्याच्या भोवतीने वाचावे. बीडकरांना पाण्याचा आणि शेतीचा प्रश्न सुचवण्यासाठी बाहेरच्या माणसाची गरज नाही, म्हणून तोच धरून चालतो.

आरंभ महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ने करावा. विद्येविना मती गेली, या त्याच्या सुरुवातीच्या ओळी गावोगाव भिंतींवर रंगवलेल्या असतात. पुढची पाने उलटणारे थोडे. हे पुस्तक १८८३ सालचे आहे. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त छापली गेली आणि पुढची छापली गेली नाहीत, यावरून त्यातल्या मजकुराची धग कळावी. शेतकरी कर्जात कसा बुडतो, कज्जेदलालीत कसा नागवला जातो, जंगल खात्याने त्याची चराऊ जमीन कशी काढून घेतली, हे सांगून फुले शेवटी उपायांवर येतात. सरकारने पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या माणसांकडून जागोजाग ताली आणि बंधारे घालून घ्यावेत म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल, आणि तळ्यांत व नदीनाल्यांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, असे ते सुचवतात. राज्य शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, ती आपल्या तालुक्यात चालली असेलच. ते पान आणि योजनेचा शासननिर्णय एकाच बैठकीत वाचून दाखवावेत, आणि त्या बैठकीला गाळ वाहिलेल्या शेतकऱ्यांना बोलवावे.

त्यानंतर पी. साईनाथ यांच्या पुस्तकाचा ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ हा मराठी अनुवाद घ्यावा. मूळ इंग्रजी पुस्तक १९९६ चे. त्यातले जिल्हे बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, तमिळनाडू अशा राज्यांतले आहेत, पण दुष्काळ निवारणाच्या पैशाला कोठे कोठे पाय फुटतात, हे वाचताना बीडच्या वाचकाला परके वाटणार नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आपल्या गावात अजून आहेत. त्या दुष्काळातल्या कामांतूनच रोजगार हमी योजना वाढली आणि पुढे तिचा कायदा झाला. खडी फोडायला गेलेल्या आजीबाईंची हकीगत कोणी शाळकरी मुलाने लिहून काढली, तर ती हस्तलिखित वहीसुद्धा वाचनालयाने नोंदणी क्रमांक देऊन कपाटात ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर ती कोणी सांगितली, कोणी लिहिली आणि कोणत्या साली, हे तेवढे नमूद करावे.

खर्चाचे म्हणाल तर फुल्यांचे समग्र वाङ्मय शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेले आहे आणि ‘असूड’ त्याच खंडात मिळतो. त्याच्या दोन प्रती घ्याव्यात, कारण एक कायम बाहेर असेल.